माळ उतरली म्हणजे वारी संपली काय?

कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या माणसाला लोक वाटेत थांबवून नाना प्रश्न विचारतात. एकादशीला अमुक चालते का, सुतकात हरिपाठ म्हणावा का, माळ तुटली तर काय करावे. बहुतेकांची उत्तरे परंपरेने घालून दिलेली असतात. ती सांगावीत आणि पुढे चालावे. परंतु एक प्रश्न आमच्यापुढे असा आला की, त्याचे उत्तर आम्ही घाईने दिले, चुकीचे दिले, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या घराने मोजली. तो प्रश्न असा : माळ घालून दारू सोडलेला माणूस पुन्हा प्यायला, तर त्याची माळ राहिली की गेली?

आमच्या दिंडीत एक मृदंगी होते. नाव सांगत नाही. हात मोठा गोड. परंतु तरुणपणापासून दारूची सवय लागलेली. एका कार्तिकीला पंढरपुरात त्यांनी माळ घातली आणि पुढे तीन वर्षे थेंबाला शिवले नाहीत. गहाण पडलेले मंगळसूत्र घरी आले. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. मग पुतण्याचे लग्न निघाले. हळदीच्या रात्री चुलतभावाने पेला पुढे केला, "आजचा एक दिवस रे, माझ्या पोराचं लग्न आहे." प्यायले. सकाळी आमच्या ओसरीवर आले, माळ काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बुवा, ही तुमच्याकडे राहू द्या. आता गळ्यात ठेवायचा अधिकार राहिला नाही."

आम्ही ती घेतली! नुकतेच एकादशीच्या कीर्तनात आम्ही गर्जून सांगितले होते की, एका गळ्यात माळ आणि मद्य नांदत नाहीत. त्या बोलण्याचा ताठा अंगात होता. "जमेल तेव्हा या, मग पाहू," असे म्हणून माळ देव्हाऱ्यात ठेवली आणि धर्म राखला असे वाटून आम्ही समाधान पावलो. तो गृहस्थ पुढे अकरा महिने शुद्धीवर नव्हता. बायको म्हणे, "एक दिवस चुकलात, आता थांबा." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, "माळच गेली, आता राखायचं काय?"

हे वाक्य त्या माउलीनेच आम्हांला येऊन सांगितले. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचा नव्याने विचार करू लागलो. तो वाचकांपुढे ठेवतो, कारण असा एखादा मृदंगी, टाळकरी, नाही तर कोणाचा मुलगा, प्रत्येक गावात आहे.

आरंभी शब्द पाहू. 'व्यसन' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा 'अस्' धातू यांपासून झाला. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर भिरकावते ते व्यसन. संस्कृतात या एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात : वाईट खोड हा एक, आणि संकट हा दुसरा. आमच्या पूर्वजांनी दोष आणि आपत्ती यांना एकच नाव दिले. आपण मात्र त्यातला एकच अर्थ धरून बसतो. पिणाऱ्याला दोषी म्हणतो. तो संकटात आहे हे विसरतो. पिणारा स्वतः उलट करतो. मी संकटात आहे असे सांगतो. आपला दोष विसरतो.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणेल, "बुवा, याला रोग म्हटले की माणूस मोकळा सुटला. ज्वर आला त्यात रोग्याचा काय दोष? मग पिणाराही म्हणेल, मी काय करू, मला रोग आहे." आक्षेप खरा आहे. दुसरा म्हणेल, "हे निव्वळ पाप. मन खंबीर केले की सुटते. आमच्या आजोबांनी एका दिवसात सोडली." हेही काही थोड्या लोकांविषयी खरे आहे. पण ज्याने शंभर वेळा शपथ घेतली, प्रत्येक वेळी मनापासून घेतली, आणि शंभर वेळा मोडली, त्याचे काय? तो खोटारडा होता काय? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो : इच्छा नसताना, कोणी बळाने ओढल्यासारखा, माणूस पाप का करतो? इच्छा नसताना करणारा माणूस असतो, हे अर्जुनाने गृहीतच धरले आहे. भगवंतांनीही ते नाकारले नाही.

शास्त्राने या अवस्थेचे चित्र मद्यापेक्षा द्यूताच्या रूपाने अधिक बारकाईने काढले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. तो जुगारी मनाशी ठरवतो की, आता सोबत्यांबरोबर जायचे नाही. आणि फाशांचा आवाज कानी पडताच निघतो. इतक्या प्राचीन काळच्या ऋषीने ओळखले की, निश्चय खरा होता आणि आवाजही खरा होता. आजचे वैद्यक हेच सांगते. मद्याच्या दीर्घ सेवनाने मेंदूत बदल होतात. पेल्याचा आवाज, तो वास, ती गल्ली, तो सोबती, पगाराची संध्याकाळ, यांपैकी काहीही पुढे आले की ओढ उठते. ती विचार करून उठत नाही. पुष्कळ वर्षे न पिणाऱ्यालाही ती उठू शकते.

मग माणसाचे स्वातंत्र्य राहिले कोठे? याचे उत्तर आम्हांला सभापर्वात सापडले. धर्मराज पहिल्या द्यूतात सर्वस्व हरले. द्रौपदीला मिळालेल्या वरांनी सारे सुटले, राज्य परत मिळाले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि वाटेतच पुन्हा बोलावणे आले : परत या, आणखी एक डाव. धर्मराजाला ठाऊक होते की यात नाश आहे. तरी ते परतले. कारण काय दिले? वृद्ध राजाची आज्ञा कशी मोडावी! पाहा, दुसऱ्यांदा पडणे कोणते वस्त्र पांघरून येते! ते पापाच्या वेषात येत नाही, कर्तव्याच्या वेषात येते. भावाच्या मुलाचे लग्न आहे, पाहुणा नाराज होईल, साहेबाचा मान राखला पाहिजे. आमच्या मृदंग्याच्या पेल्यालाही असेच नात्याचे वस्त्र होते.

तर सिद्धान्त असा. पेला हातात आला, त्या क्षणी त्या माणसाचे स्वातंत्र्य फार थोडे उरलेले असते. त्याचे स्वातंत्र्य अलीकडे, वाटेवर असते. धर्मराज फासे हाती आल्यावर थांबणार नव्हते. थांबायचे तर दूत आला तेथे, इंद्रप्रस्थाच्या वाटेवर थांबायचे होते. म्हणून रोग म्हटल्याने जबाबदारी जात नाही, ती जागा बदलते. हळदीच्या रात्री त्या मांडवात एकट्याने जायचे की नाही, खिशात किती पैसे ठेवायचे, कोणाला सोबत न्यायचे, मन बिघडले की कोणाकडे धाव घ्यायची, ही त्याची जबाबदारी. मधुमेह झाला यात रोग्याचा दोष किती याचा वाद घालता येईल. पण औषध आणि पथ्य त्यालाच सांभाळावे लागते, यात वाद नाही.

आणि हे पथ्य किती काळ? नळराजाची कथा आठवा. कली त्याच्या देहात शिरण्याची संधी शोधीत होता. नळ धर्मनिष्ठ, संधी मिळेना. बाराव्या वर्षी एके दिवशी राजा पाय न धुता संध्येला बसला, तेवढ्या फटीतून कली आत गेला. पुढे द्यूत, राज्यनाश, वनवास. बारा वर्षांची निष्ठा खोटी नव्हती. परंतु कलीही बारा वर्षे झोपला नव्हता. व्यसनातून सुटलेल्या जगभरच्या लोकांनी अनुभवाने अशा चार फटी सांगितल्या आहेत : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. वेळेवर न जेवलेला, घरात भांडून निघालेला, ज्याच्याशी कोणी बोलत नाही असा, किंवा शिणलेला माणूस लवकर घसरतो. साध्याच गोष्टी आहेत. पाय धुण्याइतक्याच साध्या.

आता माळेकडे परत येऊ. एकदा घसरणे आणि पुन्हा पूर्ण व्यसनात जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक विचार आमच्या काळजाला लागला. पहिल्या पेल्यापेक्षा पुष्कळदा घात करतो तो त्यानंतरचा विचार : मी मोडलो, माझ्यात काही राम नाही, आता सगळेच गेले. या विचारानेच दुसरा आणि दहावा पेला येतो. सज्जनहो, मृदंग्याच्या मनात तो विचार उगवला होता हे खरे. पण त्याच्या हातातली माळ घेऊन त्या विचारावर शिक्का आम्ही मारला!

ज्ञानी वैद्यांना मात्र पुन्हा घसरण्याचे इतके नवल वाटत नाही. २००० साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यक नियतकालिकात निबंध आला. उपचार घेतलेल्या व्यसनी लोकांपैकी शंभरांतले सुमारे चाळीस ते साठ जण वर्षाच्या आत पुन्हा त्या वाटेला जातात, आणि रक्तदाब, दमा, मधुमेह यांच्या रोग्यांतही पथ्य मोडून रोग उलटण्याचे प्रमाण फारसे वेगळे नसते, असे त्यात दाखवले आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून वैद्य रोग्याची चिठ्ठी फाडत नाही. औषध कोठे चुकले ते पाहतो.

आमच्या शास्त्रात तरी वेगळे काय आहे? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला हीच शंका येते : श्रद्धा आहे, पण यत्न कमी पडला आणि वाटेतच ढळला, त्याचे काय? तो दोन्हीकडून नष्ट होतो काय? भगवंतांचा निर्वाळा आहे की, कल्याणाच्या वाटेला लागलेल्याची दुर्गती होत नाही. जेथे साधन थांबले तेथूनच ते पुढे चालू होते. जन्म बदलला तरी साधन वाया जात नाही, तर एका हळदीच्या रात्रीने तीन वर्षे कशी वाया जातील? त्या तीन वर्षांत जे घर सावरले ते सावरलेच होते. माळ तुटली तर आपण काय करतो? पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा कित्येकांचा नेम आहे. मणी फेकून देण्याचा नेम कोठेही नाही. ओवण्याची घाई करण्याचा आहे. आम्ही मात्र ती अकरा महिने देव्हाऱ्यात ठेवली.

पुढच्या आषाढीच्या अगोदर आम्हीच माळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर पडलेले, हात थरथरत होते. आमचा विचार होता की, तेथल्या तेथे शपथ घालावी, देवळात दोन दिवस बसवावे, अखंड नाम चालू ठेवावे. त्यांची सून दवाखान्यात परिचारिका आहे. ती म्हणाली, "आजोबा, माळ घाला, पण आधी दवाखाना." तालुक्याच्या डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत कंप, घाम, निद्रानाश, भलतेसलते दिसणे, फिट येणे असे प्रकार होतात, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. देवळात कोंडले असते तर आम्ही त्यांचा जीव घेतला असता! भक्ती आणि औषध यांत भांडण लावू नये, हा धडा आम्ही त्या पोरीकडून घेतला.

आणखी दोन गोष्टी त्याच डॉक्टरांनी सांगितल्या, त्या आयाबायांनी लक्षात ठेवाव्यात. दारू सोडण्याची गोळी नवऱ्याच्या जेवणात चोरून घालतात. त्यांपैकी डायसल्फिराम नावाच्या औषधावर मद्य घेतले तर ओकारी, धडधड, रक्तदाब उतरणे असे होऊन प्राणावर बेतू शकते. त्याला कळवून, वैद्याच्या देखरेखीखालीच ते द्यायचे असते. दुसरे गर्दाचे. काही काळ गर्द सोडलेल्या मुलाच्या देहाची सहनशक्ती उतरलेली असते. तो घसरून पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि तेथेच मरतो. अशा मुलाला घसरल्यावर घराबाहेर काढणे म्हणजे काय, याचा विचार बापाने करावा.

तरीही औषधाने देह सावरतो. राखण करायला सोबत लागते. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा व्यापारी अमेरिकेतील ॲक्रन गावी एका हॉटेलात एकटा होता. पाच-सहा महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, धंद्याचे काम फसलेले, समोर मद्यगृह. पिण्याऐवजी त्याने दूरध्वनीवरून विचारपूस करून आपल्यासारखाच एक पिणारा शोधला. ते निघाले डॉक्टर बॉब स्मिथ. दोघे बोलत बसले. डॉक्टर काही आठवडे सावरले, मग एका परिषदेला गेले आणि पुन्हा पिऊन आले. विल्सनने त्यांना टाकले नाही. डॉक्टर शेवटचे प्यायले तो दिवस १० जून १९३५ मानला जातो, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी तोच आपला स्थापनादिवस धरते. एका घसरणीतून उठण्याचा दिवस त्यांनी उत्सवाचा केला! ही मंडळी आज आपल्याकडेही आहे. तिचा नेम एवढाच की, आजचा दिवस प्यायचे नाही. वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आळंदीहून निघालेला पंढरपूरची कोसं मोजत बसत नाही. आजचा मुक्काम गाठतो.

आपल्या पुण्यातही डॉ. सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवावे, ही तेथली रीत. अशी केंद्रे आहेत, तरी पोचणारे थोडे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, मद्याच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते आपल्या आळीत आहेत. त्यांतले कित्येक मंदिराच्या पायरीपर्यंत येतात आणि लाजेने परततात. ज्यांना काय करावे ते उमगत नाही त्यांनी १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट विचारावे. सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही.

मग दिंडीने काय करावे? सप्ताहात विणा खाली ठेवीत नाहीत. परंतु तो एका माणसाने सात दिवस धरायचा नसतो. पहारे लावतात, खांद्यावरून खांद्यावर जातो. सोडलेल्या माणसाची राखणही अशीच पहाऱ्याने करावी. लग्नाच्या मांडवात त्याच्या शेजारी एक माळकरी बसावा. मुक्कामाला सायंकाळी त्याला काम द्यावे, जेवणाला उशीर होऊ देऊ नये. तो घसरला तर प्यायलेल्या अवस्थेत उपदेश करू नये. तो भिंतीला केल्यासारखा आहे. सकाळी जावे आणि एवढेच विचारावे : कोठे होतास, कोण सोबत होते, त्याआधी काय झाले? फट सापडली की बुजवता येते. आणि माळ काढून ठेवायला आला तर ती घेऊ नये. त्याच्या हातात परत द्यावी.

हे लिहिताना एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, नाही तर आमच्या या लेखाचाच कोणी पेला करील. माळ परत देणे म्हणजे पैसे हातात देणे नव्हे. क्षमा म्हणजे मार खात राहणेही नव्हे. नवरा हात उगारत असेल तर बाईने मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावे, कायद्याचे साहाय्य घ्यावे. तो धर्मच आहे, आणि तिला "सोसा, माउली" असे सांगणारा कीर्तनकार पापाचा धनी होतो. देवाचे दार उघडे आहे म्हणून घराचे दार प्रत्येक रात्री उघडे असलेच पाहिजे असे नाही. विश्वास गमावायला एक रात्र पुरते, मिळवायला वर्षे लागतात. ती वर्षे त्यानेच चालायची आहेत. "गीतेत सांगितले आहे, दुर्गती होत नाही" असे म्हणून जो पेला उचलतो, त्याने गीता वाचलेली नाही. तो निर्वाळा उठणाऱ्यासाठी आहे, बसून राहणाऱ्यासाठी नाही.

वारी या शब्दाचा अर्थच पुनःपुन्हा जाणे-येणे असा आहे. एकदा पंढरपूर पाहिले आणि झाले, असे वारकरी म्हणत नाही. दरवर्षी परत येतो, कारण मन दरवर्षी पांगते. पुन्हा येण्यावरच ज्याचा सारा पंथ उभा, त्याने पुन्हा येणाऱ्याला दारात अडवावे काय?

आमचे मृदंगी दवाखान्यातून आले, त्याच आषाढीला चालले. पुढल्या वर्षी आणखी एकदा घसरले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात उभे. माळ या वेळी गळ्यातच होती. हात मात्र तिच्यावर घट्ट धरलेला. म्हणाले, "बुवा, काढली नाही." आम्ही म्हणालो, "काढू नका. चला, आधी डॉक्टरांकडे." त्याला आता चार वर्षे झाली. पाचवे कसे जाईल ते त्यांना ठाऊक नाही, आम्हांलाही नाही. परवा एकादशीच्या कीर्तनात मृदंगावर तेच होते. आम्ही माळेवर बोलत होतो. या वेळी गर्जना केली नाही.

॥ रामकृष्णहरि ॥